गोम्पातली शांतता आणि आपली प्रवासवर्णने

दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत ‘प्रवास’ हा विभाग हमखास असतो आणि त्या विभागात दर दोन-तीन वर्षांनी हिमालयातल्या एखाद्या बौद्ध मठाच्या गावावरचा लेखही हमखास असतो. कधी दार्जिलिंग, कधी गंगटोक, कधी लेह. पण बहुतेकदा धरमशालेच्या वरच्या अंगाला वसलेले मॅक्लिओडगंज. लेखकाचे नाव बदलते, छायाचित्रे बदलतात, लेख मात्र तोच असतो. पठाणकोटला पहाटे गाडीतून उतरणे, टॅक्सीवाल्याशी घासाघीस, वळणावळणाचा रस्ता, एका वळणावर अचानक समोर ठाकलेला धौलाधार, मग मठ, लाल वस्त्रांतले भिक्षू, फिरती प्रार्थनाचक्रे, एखाद्या वृद्ध लामाचे निरागस हसू, वाफाळलेले मोमो, स्वेटरची खरेदी; आणि शेवटी, येथे येऊन मनाला एक वेगळीच शांतता लाभली, अशा अर्थाचे एक वाक्य.

त्या एका शब्दाविषयी, शांततेविषयी, येथे थोडे लिहायचे आहे. हे लेखक खोटे लिहितात असे माझे म्हणणे नाही. वर्षभर कचेरी आणि घर यांच्यात पिळून निघालेला माणूस दोन दिवस रेल्वेत काढून देवदारांच्या सावलीत पोचला, तर त्याला बरे वाटणारच. पण ही झाली लेखकाच्या प्रकृतीची बातमी. गोम्पाविषयी त्यातून काय कळले?

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने या दोषाला नाव देऊन ठेवले आहे. ज्या रसाची प्रतीती घडवायची, त्याचेच नाव घेऊन मोकळे होणे, याला स्वशब्दवाच्यता म्हणतात. ‘शृंगार’ हा शब्द लिहिल्याने शृंगार निर्माण होत नाही. त्यासाठी माणसे, स्थळ, वेळ आणि त्यांच्या हालचाली उभ्या कराव्या लागतात. शांतरसाचे तर आणखी अवघड. तो मुळात रस मानावा की नाही, रस आठ की नऊ, यावर शतकानुशतके वाद झाला. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात, म्हणजे हिमालयाच्याच कुशीत, अभिनवगुप्ताने शांताची बाजू हिरिरीने मांडली. ज्या रसासाठी एवढी भांडणे झाली, तो आपले प्रवासलेखक एका विशेषणात उरकतात. कसोटी साधी आहे. असा कोणताही लेख घ्या, त्यातला ‘शांतता’ हा शब्द आणि त्याची भावंडे पेन्सिलीने खोडा, आणि काय उरते ते पाहा. पुष्कळदा हॉटेलचे भाडे उरते.

याहून गंभीर गोष्ट अशी की हा शब्द लेखकाचे कान बंद करतो. गोम्पा ही शांत जागा नाहीच. पूजेच्या वेळी तेथे माणसाच्या उंचीहून लांब कर्णे वाजतात, त्यांच्यासोबत सनईच्या जातीची ग्यालिंग, मोठ्या झांजा आणि ढोल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असा तो नाद असतो. ग्युतो परंपरेचे भिक्षू खर्जाच्याही खाली जाऊन मंत्र म्हणतात आणि एकाच कंठातून एकाहून अधिक स्वर उमटतात. आपल्याकडे संगीताचे जाणकार थोडे नाहीत. धरमशालेजवळच्या सिद्धबाडीला त्यांचा मठ आहे. पण त्या स्वराविषयी चार नेमकी वाक्ये आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच सापडतात. ‘धीरगंभीर मंत्रोच्चार’ एवढ्यावर काम भागते.

आणि वादसभा? मठाच्या अंगणात दुपारी-संध्याकाळी जो गलका चालतो, त्याचे छायाचित्र बहुतेक लेखांत असते. खाली ओळ असते : चर्चेत रमलेले भिक्षू. प्रत्यक्षात ती परीक्षेची तयारी असते. उत्तर देणारा खाली बसतो, विचारणारा उभा राहतो. प्रश्न पुरा होताना तो उजवा हात उंचावून डाव्या तळहातावर जोरात टाळी देतो आणि त्याच क्षणी पाय आपटतो. बसलेल्याला लांबण लावायची मुभा नसते. ठरलेल्या थोड्या उत्तरांतून त्याने एक निवडायचे : मान्य आहे, हेतू असिद्ध आहे, व्याप्ती नाही. हेतू, व्याप्ती हे शब्द तर्कशास्त्राचे पुस्तक चाळलेल्या मराठी वाचकाला परके नाहीत. या वादाचा पाया दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या प्रमाणशास्त्रात आहे. धर्मकीर्तीचे ‘प्रमाणवार्तिक’ भारतात जवळपास विस्मरणात गेले होते. त्याची संस्कृत हस्तलिखिते राहुल सांकृत्यायनांनी १९३० च्या दशकात तिबेटच्या मठांतून शोधून आणली. आपल्याकडून गेलेली विद्या त्या अंगणांत टाळ्या वाजवत जिवंत राहिली. प्रमाण, प्रज्ञापारमिता, माध्यमिक, अभिधर्म आणि विनय अशा पाच विषयांचा हा अभ्यास पंधरा-वीस वर्षे चालतो आणि तेव्हा कुठे गेशे ही पदवी मिळते. मॅक्लिओडगंजला १९७३ साली निघालेली बौद्ध न्यायविद्येची संस्था हेच शिकवते. म्हणजे गोम्पा ही एक शाळा आहे, वसतिगृह आहे, परीक्षेचे केंद्र आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या गावातल्या वसतिगृहात जी शांतता असते, तीच तिथेही असणार.

दुसरा बंद होणारा अवयव म्हणजे डोळा. ‘थंड हवेचे ठिकाण’ हा आपल्याला इंग्रजांनी दिलेला वारसा. महाबळेश्वर, माथेरान पाहिलेल्या डोळ्यांना मॅक्लिओडगंज त्याच माळेतले वाटते, आणि त्याचा आरंभ तसाच झाला हेही खरे. १८४९ च्या सुमारास तेथे छावणी पडली. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर डोनाल्ड मॅक्लिओड याचे नाव गावाला मिळाले. १८५२ साली देवदारांत चर्च उभे राहिले. व्हाइसरॉय लॉर्ड एल्जिन १८६३ साली धरमशालेत वारला. त्याची कबर त्याच चर्चच्या आवारात आहे. मग ४ एप्रिल १९०५ रोजी कांगडा खोरे हादरले. सुमारे वीस हजार माणसे गेली. साहेबाचे कारभाराचे चंबूगबाळे खाली उतरले आणि वरचा गाव ओस पडत गेला. १८६० साली सुरू झालेले नौरोजी या पारशी कुटुंबाचे दुकान मात्र चालत राहिले. ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. वर्षभर मसुरीला राहिले. आणि ३० एप्रिल १९६० रोजी त्यांना या अर्ध्या ओसाड गावात आणण्यात आले. रिकामे बंगले होते म्हणून सरकारला ही जागा सोयीची. तिला गजबजती करायची म्हणून त्या पारशी दुकानदाराने खटपट केली होती.

तेव्हा आपण जे ‘निसर्गरम्य बौद्ध नगरी’ म्हणून पाहतो, ती एका भूकंपाने रिकाम्या केलेल्या गावात एका आक्रमणाने आणून सोडलेली माणसे आहेत. हे एकदा ध्यानात आले की तेथल्या प्रत्येक वस्तूला वेगळी किनार दिसू लागते. १७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या रस्ताबांधणीच्या छावण्यांतून ५१ मुले आजारी, कुपोषित अशा अवस्थेत धरमशालेला पोचली. त्यांचे आईबाप डोंगरात खडी फोडत होते. त्या ५१ मुलांसाठी काढलेल्या पाळणाघरातून पुढे तिबेटी बालग्राम उभे राहिले. ज्या घाटरस्त्यांवरून आपली टॅक्सी जाते, तसे अनेक हिमालयी रस्ते त्या काळी याच निर्वासितांच्या हातांनी झाले. १९७० साली ग्रंथालय आणि दप्तरखाना निघाला, कारण पाठीवर आणलेल्या पोथ्या कुठेतरी ठेवायला हव्या होत्या. बाजारातला स्वेटरही तसाच. थंडीच्या दिवसांत आपल्याकडच्या शहरांत फुटपाथवर लोकरीचे कपडे मांडून बसणारी तिबेटी बाई आपण दरवर्षी पाहतो. तिच्याशी घासाघीस केलेला गृहस्थ मॅक्लिओडगंजला जाऊन तिबेटी चेहऱ्यावरच्या निर्व्याज हास्यावर परिच्छेद लिहितो, आणि बाजारातली ती बाई त्याला आठवत नाही, हे मला प्रवासवर्णनाचे मोठे अपयश वाटते.

आता ‘आपण’ या सर्वनामाकडे वळू. या लेखांतला ‘आपण’ बौद्ध धर्माकडे एखादी दूरदेशीची नवलाई पाहावी तसे पाहतो. बोधिसत्त्वाची सहस्रभुज मूर्ती पाहून तो थक्क होतो, तिची उंची लिहितो आणि पुढे सरकतो. मॅक्लिओडगंजच्या मुख्य मंदिरात, म्हणजे त्सुगलाखांगमध्ये, शाक्यमुनी आणि पद्मसंभव यांच्याबरोबर अवलोकितेश्वराची अकरा मुखांची मूर्ती आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ल्हासाच्या जोखांगमधली अवलोकितेश्वराची मूर्ती फोडून रस्त्यावर टाकली गेली. काही तिबेट्यांनी तिच्या मुखांचे अवशेष उचलून नेपाळमार्गे भारतात पोचवले, आणि ते या नव्या मूर्तीत ठेवलेले आहेत. हीच मूर्ती महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाने ओळखायला हवी होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला कमळ धरलेला पद्मपाणी तोच आहे. मुंबईत कान्हेरीच्या एक्केचाळिसाव्या लेण्यात तो अकरा मुखांनिशी उभा आहे. ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा प्रार्थनाचक्रावरचा मंत्र त्याचाच. भाजे, कार्ले, बेडसे येथे भिक्षूंच्या दगडी खोल्या रिकाम्या पाहून वाढलेल्या माणसाला, तशाच खोल्यांत माणसे राहतात, जेवतात, घोकतात, हे पाहण्याची संधी मॅक्लिओडगंजला मिळते. केवढा मोठा विषय! आपला लेखक तो मोमोच्या चटणीत बुडवतो.

आणि त्याहून जवळचे सांगायचे तर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्यानंतर ज्या भाषेत लाखो माणसे त्रिशरण आणि पंचशील म्हणू लागली, ती भाषा मराठीच. या कुटुंबांना विहार ही गल्लीतली रोजची जागा आहे. तरी प्रवासवर्णनातला ‘आपण’ बुद्धाला भेटायला हिमालयात जातो आणि आपल्या शेजारच्या गल्लीतला विहार त्याच्या नजरेत येत नाही. बाबासाहेबांनी सांगितलेला धम्म आणि तांत्रिक विधींनी भरलेला तिबेटी मठ यांच्यात अंतर आहे, मतभेदालाही भरपूर जागा आहे. त्या मतभेदातून मराठीत एक उत्तम लेख होऊ शकतो. पण त्यासाठी लेखकाच्या ‘आपण’मध्ये ती माणसे आधी असावी लागतात.

असे लिहिता येते का? येते, आणि त्याची परंपरा नेमकी आपल्या सीमाभागाची आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) घर सोडून निघाले ते बुद्धाचा शोध घेत. पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, काशी असे करत, संस्कृत शिकत, अन्नछत्रांत जेवत ते १९०२ साली नेपाळात पोचले. तेथे बौद्ध धर्म जिवंत आहे असे त्यांनी ऐकले होते. काठमांडूला जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली, आणि ते तेथून बुद्धगया आणि सिंहलद्वीपाकडे वळले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी ही निराशा लपवलेली नाही. आजच्या प्रवासवर्णनांशी हे ताडून पाहा. कोसंबींच्या जवळ पैसा नव्हता, कॅमेरा नव्हता, परतीचे तिकीट नव्हते. एक प्रश्न मात्र होता. प्रश्न घेऊन गेलेल्या माणसालाच निराश होता येते. शांती घ्यायला गेलेला माणूस कधी निराश होत नाही, कारण त्याने ती घरून निघतानाच बांधून घेतलेली असते.

कोसंबींच्या नजरेलाही मर्यादा होत्या, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे. मूळ बुद्धवचन हे त्यांचे माप. त्या मापाने हिमालयातला वज्रयान त्यांना भ्रष्ट वाटणे अटळ होते. धर्मकीर्तीला सांभाळणारी विद्या त्याच जातीच्या मठांत होती, हे त्या मापात बसत नाही. पण माप होते म्हणून त्याच्याशी आज वाद घालता येतो. ‘मन भारावून गेले’ या वाक्याशी कोण आणि कसा वाद घालणार?

दुसरे नाव काकासाहेब कालेलकरांचे. बेळगुंदीशी त्यांच्या घराचे नाते, आणि बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी काही काळ शिकवलेले. १९१२ च्या सुमारास ते हिमालयात पायी हिंडले आणि ‘हिमालयनो प्रवास’ त्यांनी गुजरातीत लिहिला. तिसरे नाव त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या रवींद्र केळेकरांचे. कोकणीला साहित्य अकादमीचा पहिला पुरस्कार १९७७ साली मिळाला तो त्यांच्या ‘हिमालयांत’ या प्रवासवर्णनाला. या एवढ्याशा पट्ट्यातली तीन माणसे आणि लिहायच्या भाषा तीन : मराठी, गुजराती, कोकणी. भाषेवरून जेथे डोकी फुटली, त्या मुलुखाला ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. एवढा वारसा असताना आपल्या अंकांनी पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकाची मराठी छापावी, याची चिंता वाटते.

शेवटचा मुद्दा आपल्या दाराशी येऊन थांबतो. गोम्पा पाहायला पठाणकोटची गाडी पकडलीच पाहिजे असे नाही. ल्हासाजवळचे गांदेन (१४०९) आणि द्रेपुंग (१४१६) हे तिबेटचे महाविहार. १९५९ नंतर त्यांच्यासकट निरनिराळ्या मठांतून निसटलेल्या सुमारे दीड हजार भिक्षूंना बंगालच्या बक्सा येथील जुन्या बंदिवासाच्या छावणीत ठेवण्यात आले. तेथल्या दमट हवेत क्षयाने अनेकजण गेले. उरलेले तशातही वादसभा भरवत राहिले. पुढे गांदेन आणि द्रेपुंग पुन्हा उभे राहिले ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला. तेथली तिबेटी वसाहत १९६६ ची. हुबळीहून फार तर दोन तासांचा रस्ता. म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगावबरोबरच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेला हा जिल्हा. तेथे धौलाधार नाही, देवदार नाहीत. मक्याची शेते आहेत आणि आपलाच पावसाळा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये वीस भिक्षुणींना तिबेटी परंपरेत प्रथमच गेशेमा ही पदवी मिळाली, तो समारंभ ल्हासात किंवा धरमशालेत झाला नाही, मुंडगोडच्या द्रेपुंगमध्ये झाला. शतकानुशतके जी विद्या स्त्रियांना त्या पदवीपर्यंत जाऊ देत नव्हती, तिचे दार आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर उघडले. त्या दिवाळीत, किंवा पुढच्या, यावर किती मराठी लेख आपल्या वाचनात आले?

मुंडगोडवर प्रवासवर्णने का लिहिली जात नाहीत याचे उत्तर सोपे आहे. तेथे थंडी नाही. म्हणजे आपल्याला गोम्पा हवा असतो तो बर्फाच्या पार्श्वभूमीसकट. माणसे आणि त्यांची विद्या ही त्या चित्राची चौकट. आज त्या विद्येपुढे खरे प्रश्न आहेत. २००८ नंतर तिबेटातून येणारांची संख्या झपाट्याने घटली. तरुण पिढी युरोप-अमेरिकेकडे चालली. मठांत आता लडाख, स्पिती, अरुणाचल, नेपाळ, भूतानची मुले अधिक दिसतात. दलाई लामांनी २०११ साली राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्यांकडे सोपवले आणि जुलै २०२५ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील असे जाहीर केले. ती कशी चालणार, यावर बीजिंगपासून वॉशिंग्टनपर्यंत बोलणे चालू आहे. अशा गावात जाऊन शांतता पाहून येणे म्हणजे लग्नघरात जाऊन मांडवाचे कापड पाहून येणे.

सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही पाहुणे येतात. संमेलनाला येतात, शाल-श्रीफळ घेतात, सीमावासीयांच्या जिद्दीवर दोन वाक्ये बोलतात, कुंदा बांधून घेतात आणि रात्रीच्या गाडीने जातात. त्यांच्या लेखात आपली जिद्द असते. आपली शाळा, तिचा पट, तिथल्या मास्तरांची अडचण, घरात मुले कोणत्या भाषेत भांडतात, यांतले काही नसते. ते वाचून आपल्याला काय वाटते ते आपल्याला ठाऊक आहे. तिबेटी माणसाचे दुःख आणि आपले गाऱ्हाणे एका तागडीत घालायचे कारण नाही. आपली जमीन आपल्या पायाखाली आहे, त्याची नाही. पण कोणाचे तरी देखावे होऊन राहण्याचा अनुभव आपल्याला आहे, आणि तेवढ्यापुरती तरी आपल्या लेखकांकडून जास्त अपेक्षा करण्याचा अधिकारही आहे.

म्हणून संपादकांना एक विनंती. पुढच्या वर्षी असा लेख टपालाने आला, की त्याच्या लेखकाला तीन गोष्टी विचारा. तिथे काय ऐकलेत? कोणाशी बोललात, आणि तो माणूस मूळचा कुठला? जाताना कोणता प्रश्न घेऊन गेला होता? तिन्हींना उत्तरे मिळाली तर लेख अवश्य छापा, मग तो मॅक्लिओडगंजचा असो की मुंडगोडचा. नाही मिळाली, तर छायाचित्रे तेवढी छापा. ती बहुधा चांगली असतात.